आप्पांचं बोट

"मॅडम, एक बोट काढायचंय."

निलेशचा फोन आला तेव्हा मी पारनेरला एका पतसंस्थेच्या दारात शिडीवर उभी होते. एका हातात ड्रिल, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाईल. खाली माझा टेक्निशियन जावेद वायर धरून उभा होता. मी विचारलं, "कुणाचं बोट काढायचं?" तर शेजारी चहाचे कप गोळा करणारा शिपाई जागीच थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

आमच्या धंद्यात हे रोजचं बोलणं आहे. मी नगरमध्ये ॲक्सेस कंट्रोलचं काम करते. म्हणजे दुकानं, कारखाने, ऑफिसं यांची किल्लीची कुलपं काढून तिथे बोटाच्या ठशावर किंवा कार्डावर उघडणारी डिजिटल कुलपं बसवते. ज्याला दार उघडायची परवानगी द्यायची त्याचा ठसा मशीनमध्ये घ्यायचा, याला आम्ही बोट घेणं म्हणतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा ठसा पुसायचा. ते बोट काढणं. दोन्ही कामं मला रोज करावी लागतात, आणि कधी हात अडखळत नाही.

निलेश म्हणाला, "आप्पांचं."

मी शिडीवरून खाली उतरले.

आप्पा म्हणजे निलेशचे वडील. श्रीगोंद्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचा पशुखाद्याचा कारखाना आहे. मका, सरकी पेंड, भुसा, मळी असं सगळं दळून आणि मिसळून तिथे जनावरांची गोळी पेंड तयार होते. कारखाना आप्पांनी उभा केला. निलेश आता हिशेब आणि विक्री बघतो, पण दारं उघडायची ती आप्पांनीच. सकाळी सगळ्यांच्या आधी ते यायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आधी गेट, मग ऑफिस, मग गोडाऊन, मग प्रॉडक्शन हॉल. कामगार त्यांच्या मागे मागे यायचे.

अलीकडे तो जुडगा सापडेनासा व्हायला लागला होता. एकदा तो मक्याच्या पोत्यांमागे निघाला. एकदा घरी देव्हाऱ्यात. अख्खी शिफ्ट गेटबाहेर उभी, आणि निलेश दुचाकीवरून घर ते कारखाना, कारखाना ते घर. शेवटी त्याने मला बोलावलं आणि सगळ्या दारांना डिजिटल कुलपं करायची ठरवली. वय झालं की वस्तू हरवतात, त्यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

अशा कामात जुनी माणसं बहुतेक आडवी येतात. किल्ली गेली की मान गेला असं त्यांना वाटतं. आप्पांचं तसं नव्हतं. आम्ही काम करत असताना ते खुर्ची टाकून बसायचे आणि जावेदला प्रत्येक स्क्रूचं कारण विचारायचे. ठसे घ्यायची वेळ आली तेव्हा मला एक धास्ती होती. राबणाऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात. मशीन त्या वाचत नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट, असं करत बसावं लागतं. कामगारांपैकी निम्म्यांना त्या दिवशी हात धुऊन यायला लावलं. आप्पांचं डाव्या हाताचं मधलं बोट मात्र पहिल्या फटक्यात घेतलं गेलं. मी तसं त्यांना सांगितलंही. ते इतके खूश झाले की जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दार उघडून दाखवायला लागले.

"आता हे बोट काय पोत्यामागं जात न्हाई," ते म्हणाले.

म्हणून निलेशच्या फोनवर मी शिडीवरून उतरले.

त्याचं म्हणणं साधं होतं. आप्पांचं बोट प्रॉडक्शन हॉलच्या दारावर चालता कामा नये. गेट आणि ऑफिस राहू द्या. आणि त्यांना काही सांगू नका. त्यांनी विचारलंच तर म्हणा, वयामुळे ठसा वाचत नाही.

मी म्हटलं, "निलेशभाऊ, त्यांचा ठसा सगळ्यांत चांगला आलाय. मीच त्यांना तसं सांगितलंय."

"मॅडम, एवढं करा. बाकी नंतर सांगतो."

त्याने फोन ठेवला. काम त्याने दिलेलं, करारावर सही त्याची, सिस्टीमचा ॲडमिनही तोच. ॲडमिन म्हणजे कुणाला कुठलं दार उघडायचं हे ठरवणारा माणूस. निलेशला सॉफ्टवेअर जमत नाही म्हणून ते मी चालवते, इतकंच. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. हो म्हणवतही नव्हतं.

पतसंस्थेच्या बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. अशा वेळी दोन रस्ते असतात. ठसा कायमचा पुसता येतो. किंवा तो तसाच ठेवून फक्त परवानगी थांबवता येते, त्याला ब्लॉक करणं म्हणतात. पुसला तर परत घ्यायला माणसाला मशीनपुढे उभं करावं लागतं. ब्लॉक केला तर पुन्हा एका क्लिकवर चालू होतो. मला वाटलं, घरातली काहीतरी कुरबुर असेल, दोन दिवसांत निलेशचा राग उतरेल. मी ब्लॉक केलं.

माणसाला दाराबाहेर काढायचं म्हणजे पूर्वी कुलूपवाल्याला बोलवावं लागायचं, ठोकाठोक व्हायची, गल्लीला कळायचं. इथे मी पारनेरच्या बाकावर, समोर ठेव काढायला आलेल्या बायांची रांग, आणि तिकडे श्रीगोंद्याला आप्पा कदाचित चहा पीत असतील. त्यांना पत्ताही नाही. लॅपटॉप बंद करून मी परत शिडीवर चढले. ड्रिल नीट धरवेना. एक भोक वाकडं गेलं.

परत येताना जावेदला सांगितलं. तो म्हणाला, "इस्टेटीचं असंल मॅडम. आज हॉल, उद्या ऑफिस, परवा गेट." मलाही तेच वाटत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन आला. माझा नंबर त्यांच्याकडे होता. बसवलेल्या दिवशी मीच दिला होता, काही अडलं तर थेट मला सांगा म्हणून.

ते म्हणाले, "ताई, तुमचं कुलूप माझं बोट घेईना."

मी म्हटलं, बोट कोरडं असेल, ओल्या फडक्याने पुसून बघा. त्यांनी ते केलं. त्यानंतरच्या दिवशी परत फोन. मग मी म्हटलं, काचेवर भुसा बसला असेल. त्यांनी काच पुसली. त्यानंतर त्यांनी स्वतःच हाताला खोबरेल लावून पाहिलं, साबणाने धुऊन पाहिलं. हे सगळं ते मला रोज फोनवर शांतपणे सांगायचे. चिडायचे नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. सकाळ झाली की माझं लक्ष फोनकडे लागायचं. वाजला की नको वाटायचं, नाही वाजला तर आज काय झालं म्हणून परत बेचैनी. मी तो सायलेंटवर टाकून गाडीच्या डॅशबोर्डवर पालथा ठेवायला लागले, आणि दर सिग्नलला उलटा करून बघायला.

मग धंद्यावर आलं. सुप्याजवळच्या एका पोल्ट्रीवाल्याकडे माझं काम जवळपास पक्कं झालं होतं. त्याने अचानक थांबू म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, आप्पांकडून मक्याचा भरडा घेतो आम्ही, ते सांगत होते की मालकाचंच बोट चालत नाही. मालकाचंच चालत नाही तर मजुरांचं काय चालणार? त्याला काय उत्तर द्यायचं? कुलूप बिघडलेलं नाही म्हटलं तर खरं काय ते सांगावं लागेल. ऑर्डर गेली.

मी निलेशला फोन केला. तो म्हणाला, एकदा येऊन जा, मशीन उघडल्यासारखं करा, म्हाताऱ्याचं समाधान होईल.

म्हणजे नाटक करायला या, असंच ते होतं. तरी मी निघाले. निदान समोरासमोर बसून निलेशला विचारता तरी येईल, असं मनाशी म्हटलं. उसाचा हंगाम होता. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे आमची गाडी रांगत होती. जावेद ओव्हरटेक करायला बघायचा आणि परत मागे यायचा. मी त्याला दोनदा हळू चालव म्हटलं आणि एकदा जोरात चालव म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

आप्पा प्रॉडक्शन हॉलच्या दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, टोपी, गुडघ्यावर दोन्ही हात. कारखाना चालू होता. आत ग्राइंडरचा आवाज येत होता. पण त्या दारातून कुणी आत जात नव्हतं की बाहेर येत नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. कामगार मागच्या बाजूच्या, आतून कडी लावायच्या लहान दाराने ये-जा करत होते. आप्पांच्या समोरून बोट लावून आत गेलं तर आप्पा मागोमाग येतील, आणि त्यांना आत येऊ द्यायचं नाही अशी निलेशची ताकीद. मालकाच्या तोंडावर दार लावायची हिंमत कुणाची? म्हणून सगळे वळसा घालत होते.

मला बघून ते उठले. "आलात, बरं झालं. बघा आता तुमीच."

त्यांनी मधलं बोट काचेवर ठेवलं. लाल दिवा लागला. मशीन बाईच्या आवाजात इंग्रजीत म्हणालं, ॲक्सेस डिनाइड. जावेद खाली मान घालून झाकणाचे स्क्रू काढायला लागला. आत बिघडलेलं काहीच नव्हतं. तो कापसाने काच पुसत राहिला. पुसलेलीच परत पुसत राहिला.

आप्पा म्हणाले, "ताई, एक इचारू? बबनचं बोट परवा गेटवर वल्लं हुतं. तवा तिथलं मशीन येगळं बोललं. ट्राय अगेन. मी म्हनलं त्याला, ह्याचा अर्थ काय? तो म्हनला, परत लावा. मला तसं म्हनत न्हाई."

मी जावेदने काढलेले स्क्रू हातात घेतले.

"आन हे बघा." त्यांनी परत बोट ठेवलं. लाल दिव्याबरोबर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरात त्यांचं नाव आलं. "एवढं वाचता येतं मला. चेकवर सही करतो. नाव तर माझंच दाखवतंय. मग हे बोट त्याला कळत न्हाई, का कळून न्हाई म्हनतंय?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. इंजिनिअर लोकांनीसुद्धा नाही. आणि उत्तर मला माहीत होतं. ब्लॉक केल्यामुळेच नाव दिसत होतं. पुसलं असतं तर मशीनने ट्राय अगेन म्हटलं असतं आणि मी वयाचं कारण सांगून सुटले असते.

"बघते आप्पा," एवढंच म्हणून मी ऑफिसकडे निघाले. जवळजवळ पळालेच.

निलेश टेबलाशी बसला होता. मी दार लोटून घेतलं आणि सरळ म्हटलं, "मी ते बोट आत्ता चालू करतेय. घरातलं भांडण माझ्या मशीनवर नको. तुम्हाला वडिलांना काढायचं असेल तर तुम्ही तोंडाने सांगा."

त्याने डोळे मिटून कपाळ दाबलं. मला वाटलं, आता आवाज चढवेल. तो फार हळू बोलला. आणि जे बोलला ते मी ऐकायला आले नव्हते.

काही दिवसांपूर्वी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बबन मिक्सर साफ करत होता. बबन म्हणजे मिक्सरवरचा जुना माणूस, आप्पांच्या हाताखाली तयार झालेला. मिक्सर म्हणजे माणूस आत उतरू शकेल एवढा लोखंडी पिंप, आत जाड पाती. मळी आणि भुसा चिकटून बसतो, तो आत उतरूनच खरवडावा लागतो. स्विच बंद करून तो उतरला होता. आप्पा हॉलमध्ये आले. मिक्सर बंद का, म्हणून त्यांनी पॅनेलपाशी जाऊन स्विच चालू केला. बबनने आतून मोटरचा पहिला हुंकार ऐकला आणि कड धरून अंग वर ओढलं. पाती फिरली तेव्हा त्याचे पाय नुकतेच सुटले होते. चप्पल आत राहिली.

"आणि आप्पा?" मी विचारलं.

आप्पा तोवर स्विच चालू करून बाहेर गेले होते. संध्याकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. निलेश त्यांना नगरला डॉक्टरकडे घेऊन गेला. गुडघ्याचं निमित्त करून. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, वाढत जाईल.

निलेश म्हणाला, "मी त्यांना काय सांगू? आप्पा, तुम्ही आज बबनला मारला असता? हे कसं सांगतात, तुम्ही सांगा."

मी उभीच होते. इथे येईपर्यंत जो राग साठवला होता तो कुठे ठेवावा कळेना. निलेशवर ठेवता येत नव्हता. खुर्ची ओढून बसले. मग धंद्याचं डोकं जागं झालं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मी विचारलं, "पॅनेलला कुलूप का नव्हतं?"

त्याला समजलं नाही. मी समजावलं. माणूस मशीनमध्ये उतरणार असेल तर नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विचला कडी असते, तिच्यात कुलूप घालायचं आणि किल्ली आत उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात घेऊन उतरायचं. तो बाहेर येईपर्यंत मालक आला तरी मशीन चालू होत नाही. मोठ्या कंपन्यांत हा नियम आहे. इथे आप्पांनी स्विच दाबला म्हणून आप्पा दिसतात. उद्या नवीन मजूर दाबेल. परवा निलेश स्वतः दाबेल. त्याचं बोट मी कुठल्या दारावरून काढू?

तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, हे कुणी सांगितलंच नाही कधी.

मी म्हटलं, कुलूप आजच आणू. पण बाहेर तो माणूस खुर्चीवर बसलाय आणि त्याला अर्धं कळलंय. त्याच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही, आणि ते आता चालणारही नाही.

आम्ही दोघं बाहेर आलो. आप्पा तिथेच होते. जावेदने झाकण परत बसवलं होतं आणि बाजूला उभा होता. आप्पांनी आधी निलेशकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "आप्पा, मशीन तुम्हाला ओळखतंय. ओळखूनच नाही म्हणतंय. तसं मीच त्याला सांगितलंय."

"तुमी?"

"मी. निलेशभाऊंनी सांगितलं म्हणून."

ते हलले नाहीत. निलेश एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात बबन मागच्या दाराने वळसा घालून आला. आम्हाला असं उभं बघून त्याला समजलं असावं. चाळिशी ओलांडलेला काटक माणूस, अंगावर भुशाची पूड. तो आप्पांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. कुणी त्याला बोलायला सांगितलं नव्हतं.

"आप्पा, तुमी मिक्सर चालू केला तवा मी आत हुतो."

ग्राइंडर तेवढा चालू होता. आप्पांनी बबनकडे बघितलं. त्याच्या तोंडाकडे, मग हातांकडे, मग पायांकडे. फार सावकाश.

"मला याद न्हाई," ते म्हणाले. मग विचारलं, "लागलं का?"

"न्हाई आप्पा. चप्पल तेवढी गेली."

आप्पा खुर्चीत बसले. निलेश खाली त्यांच्या पायाशी बसला आणि मग त्याने एकेक करून सगळं सांगितलं. गुडघ्याचा डॉक्टर गुडघ्याचा नव्हता हेसुद्धा. मी आणि जावेद बाजूला गाडीपाशी जाऊन उभे राहिलो. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा आप्पांचा आवाज चढला, एकदा निलेश रडल्यासारखा वाटला. मी विनाकारण टूलबॉक्स उघडून पाने लहान-मोठे लावत बसले. निघून जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

आप्पांनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"तुमी फोनवर रोज मला बोट पुसायला लावत हुता," ते म्हणाले. "तवाच सांगायचं हुतं."

मी मान हलवली.

मग त्यांनी कामाचं विचारलं. या दाराला आणखी काय करता येतं? मी सांगितलं की दोन बोटांची सोय असते. आधी बबनचं बोट, मग तुमचं, तेव्हाच दार उघडेल. म्हणजे तुम्ही आत याल तेव्हा बबन सोबत असेल. मला वाटलं, हे त्यांना पटेल. त्यांचा मान राहील.

त्यांनी मान हलवली. "बबननं काम करायचं का मला घिऊन फिरायचं? नगं. ह्या दाराचं माझं बोट पुसून टाका. सगळं. नाव दावून न्हाई म्हनतंय, त्यापरीस वळखच नगं."

निलेश म्हणाला, "आप्पा, राहू द्या की."

"पुसा म्हनलं ना."

मी लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. नावावर गेले, पुसायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर एकदा विचारतं, नक्की का? मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी होकार दिला. मी दाबलं. पारनेरला मी हेच काम अर्धवट केलं होतं. त्यानंतर ड्रिलचं भोक वाकडं गेलं होतं. या वेळी हात स्थिर होता, कारण ज्याचं बोट होतं तो शेजारी उभा होता.

त्याच दिवशी जावेदने श्रीगोंद्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक साधं पितळी कुलूप आणलं. मिक्सरच्या पॅनेलला कडी बसवली. सगळ्या कारखान्यात डिजिटल कुलपं बसवल्यावर त्या एका जागेला मी मुद्दाम किल्लीचं कुलूप लावलं, आणि तिथे तेच बरोबर आहे. किल्ली एकच. दुसरी मी निलेशसमोर वाकवून मोडून टाकली. उरलेली बबनने करदोट्याला बांधली. आत उतरायचं असलं की कुलूप लावून मग उतरतो. ते काढायला कुणाचं बोट चालत नाही.

हे झालं, पण गोष्ट इथे संपली असं नाही. मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. ठसा पुसल्यावर मशीन ॲक्सेस डिनाइड म्हणत नाही. ट्राय अगेन म्हणतं. म्हणजे विसरलेल्या माणसाला ते परत बोट लावायलाच सांगतं.

थोड्याच दिवसांनी सकाळी आप्पांचा फोन आला. "ताई, तुमचं कुलूप माझं बोट घेईना."

मी गाडी बाजूला घेतली. एक क्षण वाटलं, बोट पुसून बघा म्हणावं आणि फोन ठेवावा. त्यांना दुपारपर्यंत आठवलंही नसतं. मग मी सांगितलं. मिक्सरचं, बबनचं, आणि ते बोट तुम्हीच पुसायला लावलंत हेही. मग त्यांनी विचारलं, बबनला लागलं का? मी म्हटलं, नाही आप्पा, बबन बरा आहे. "मग झ्याक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

असे फोन अजून येतात. कधी आठवड्याने, कधी दुसऱ्याच दिवशी. दर वेळी मी सगळं पहिल्यापासून सांगते, आणि दर वेळी ते त्यांना पहिल्यांदाच कळतं. निलेशला मी विचारलं होतं, हे त्रासाचं नाही का, सांगू की नको? तो म्हणाला, सांगा. आम्हीही सांगतो. कुणी सांगितलं नाही तर ते दिवसभर त्या दारापाशी बसून बोट पुसत राहतात. सांगितलं की उठून ऑफिसात येतात. त्या दाराचं बोट अजून चालतं. तिथे बसून गिऱ्हाईकांशी बोलतात, जुन्या लोकांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

सुप्याचा पोल्ट्रीवाला परत आला नाही. त्याने दुसऱ्याकडून कुलपं बसवली.

आता कुणीही फोनवर बोट काढा म्हणालं की मी आधी विचारते, त्या माणसाला सांगितलंय का, आणि कुणी सांगितलंय. उत्तर येईपर्यंत लॅपटॉप उघडत नाही. नोकरी सोडून गेलेला असेल तर प्रश्नच नसतो, एका वाक्यात काम होतं. पण काही जण अडतात. म्हणतात, मॅडम, तुमचं काम कुलपाचं, तेवढं बघा. मी तेवढंच बघते. आपल्याला दार बंद झालंय हे माणसाला दारापाशी उभं राहून कळू नये, एवढी काळजी कुलूप बसवणाऱ्याने घ्यायला हरकत नसावी.